एसएसडी पुसून नवीन विंडोज किंवा लिनक्स टाकायचंय? हात लावायच्या आधी हे वाचा

मी सांगलीत राहतो, विश्रामबागला. कॉम्प्युटरचं दुकान वगैरे काही नाही, पण घरातले आणि ओळखीचे मिळून सात-आठ लॅपटॉप आत्तापर्यंत माझ्या हातून पुसून नवीन झालेत, आणि त्यातला एक मी कायमचं वाईट वाटेल असा चुकवलाय. ते पुढं सांगतो. आत्ता परत लिहायला बसलो कारण मामांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे, तिथला जुना लॅपटॉप भाचीला द्यायचा ठरला, ती यंदा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला लागली. मामा म्हणाले "फॉरमॅट मारून दे की, अर्ध्या तासाचं काम". दोन दिवस गेले. कशात गेले ते सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे

क्विक फॉरमॅट मारलं की फायलींची यादी कोरी होते, फायलींचं काय झालं ते त्या ड्राइव्हच्या मर्जीवर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला लोक वरून शून्यं लिहायचे, तीनदा, सातदा, आणि तिथं ते चालायचं कारण तुम्ही ज्या जागेवर लिहाल तिथंच ते लिहिलं जायचं. एसएसडीत तसं होत नाही. आत फ्लॅश मेमरीच्या चिप असतात, त्या ठराविक वेळाच लिहून घेतात आणि मग झिजतात, म्हणून आतला कंट्रोलर दरवेळी लिखाण वेगवेगळ्या जागी फिरवत राहतो. तुम्ही म्हणता "या जागेवर शून्य लिही", तो नवीनच जागेवर लिहितो आणि जुनी जागा फक्त रद्द म्हणून धरतो. वर परत बऱ्याच ड्राइव्हमध्ये थोडी जागा राखीव असते, ती विंडोजला दिसतच नाही. तिथं काय पडून आहे ते बाहेरून लिहून पुसता येत नाही.

हे माझं मत नाही. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी एसएसडी पुसून, मग ड्राइव्ह उघडून चिपमध्ये काय राहिलंय ते थेट वाचून बघितलं होतं. एकेकटी फाइल पुसायच्या ज्या पद्धती हार्ड डिस्कसाठी होत्या त्यातली एकही नीट चालली नाही, आणि ड्राइव्हची स्वतःची पुसायची कमांड चांगली चालली पण काही कंपन्यांनी तीच चुकीची बसवलेली निघाली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, पुसायचं काम एसएसडीच्या कंट्रोलरलाच सांगायचं, आणि शेवटी पुसलंय का ते आपण बघायचं.

आणि आपल्याकडं हे जास्त महत्त्वाचं का, तर २०१९ च्या पुरात कितीतरी घरातली कागदपत्रं भिजून गेली. त्यानंतर ज्याला जमेल त्यानं सगळं स्कॅन करून ठेवलं, आधार, पॅन, सातबारा, पासबुक, पंचनाम्याचे कागद, मुलांचे दाखले. मामांच्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये चार घरांची कागदपत्रं होती, कारण शेजारच्यांनी पण तिथंच स्कॅन करून घेतलेली. असला लॅपटॉप नुसता फॉरमॅट मारून कुणाला विकणं म्हणजे चार घरांची कपाटं उघडी टाकल्यासारखं आहे.

काय काय लागतंय

- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि त्यातला डेटा जाणार हे धरून चला. दोन असतील तर उत्तम, दुसरा ड्रायव्हरसाठी
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क
- दुसरा चालू लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, शेजाऱ्याचा का असेना
- चार्जर, आणि बॅटरी चांगली नसेल तर इन्व्हर्टरवरची जागा
- लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, मागच्या स्टिकरवर असतंय, फोटो काढून ठेवा
- बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप, आतला डेटा एन्क्रिप्ट करतं) ४८ आकडी रिकव्हरी की, कागदावर
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड, टॅलीचा (हिशोबाचं सॉफ्टवेअर) सिरियल नंबर, डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) असेल तर त्याचा पासवर्ड
- छोटा स्क्रूड्रायव्हर, लागला तर

१. लॅपटॉप कुणाकडं जाणार ते आधी ठरवा

स्वतःच वापरणार असाल, फक्त विंडोज परत टाकायचंय किंवा लिनक्सवर जायचंय, तर एवढा सगळा खटाटोप लागत नाही. इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन (ड्राइव्हचे पाडलेले भाग) डिलीट करा आणि पुढं चला. घरातल्या घरात द्यायचा असेल आणि विंडोजच ठेवायचं असेल तर सेटिंगमधलं "रिसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि "क्लीन डेटा" चालू करणं पुष्कळदा पुरतं, पण मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की ही सोय घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक नियमांना ती उतरत नाही. दुकानाचा हिशोब, दवाखान्याचे पेशंट, सोसायटीचे सभासद, असलं काही त्यात असेल किंवा लॅपटॉप अनोळखी माणसाकडं जाणार असेल तर पुढचं सगळं करा.

२. बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा

इथं मी चुकलो होतो. चार वर्षांपूर्वी माझा स्वतःचा लॅपटॉप पुसायचा होता. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, सगळ्या फायली मोजल्या, तिकडं तेवढ्याच होत्या, मग निवांत पुसला. नवीन विंडोज टाकलं, डिस्क जोडली तर ती पासवर्ड नाहीतर ४८ आकडी की मागायला लागली. ती डिस्क मीच कधीतरी बिटलॉकरनं लॉक केलेली, आणि माझ्या लॅपटॉपवर ऑटो अनलॉक चालू होतं त्यामुळं कधी पासवर्ड टाकायची वेळच आली नव्हती, पासवर्ड पूर्ण विसरलेलो. की ची फाइल होती डॉक्युमेंट्समध्ये, जे मी तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. मुलीच्या बारशाचे फोटो त्यात होते. नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून काही मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. ती डिस्क अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

म्हणून बॅकअप झाला की डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, आणि दहा-पंधरा फायली खरोखर उघडून बघा. फोटो उघडतोय का, एक्सेल उघडतंय का, पीडीएफ पूर्ण आहे का. हे केल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका, कितीही गडबड असली तरी.

काय काय राहून जातं ते पण सांगतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळे घेतात. राहतं ते म्हणजे ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची पीएसटी फाइल (सगळे मेल त्यात असतात), डाउनलोडमध्ये पडलेली जीएसटीची रिटर्न्स, मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट (जुनी पत्रं श्रीलिपीत असतील तर तो फॉन्ट नसला की सगळी अक्षरं कचरा दिसतात), आणि टॅली. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटामध्ये बॅकअपचा पर्याय आहे, तो घ्याच, आणि वर डेटाचं अख्खं फोल्डर पण कॉपी करून ठेवा.

३. लायसन्स, चाव्या आणि लॉगिन सोडवून घ्या

टॅलीचं लायसन्स पुसायच्या आधी सरेंडर करायचं. एफ१ दाबून लायसन्सच्या सेटिंगमध्ये मिळतं, इंटरनेट लागतंय. नाही केलं तर नवीन मशीनवर चालू करताना अडतंय आणि मग रीसेट करत बसावं लागतंय, ते पण नेमकं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी.

विंडोजची की शोधत बसू नका. लॅपटॉप विंडोज ८ च्या काळापासूनचा असेल आणि विंडोजसकट विकत घेतलेला असेल तर की बायोसमध्येच (मदरबोर्डवरचं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) बसवलेली असते, एसएसडी पुसली तरी ती जात नाही. फक्त होम होतं तर होमच टाका, प्रो टाकलं तर ती की चालणार नाही.

बिटलॉकरची की मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसेसमध्ये बघा. मी कधी बिटलॉकर चालूच केलं नाही असं बरेच जण म्हणतात, पण नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. बायोसमध्ये काही बदललं की लगेच की मागतं, त्यामुळं आधी कागदावर लिहून घ्या.

मग फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून हा लॅपटॉप काढा, गुगलमधून साइन आउट करा, आणि विकणार असाल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून पण हे डिव्हाइस काढून टाका.

४. पेनड्राइव्ह आधी बनवा, आणि त्यावरून एकदा चालू करून बघा

पुसून झाल्यावर पेनड्राइव्ह बनवायला बसलात तर मशीनच नसतंय. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल घ्या. लिनक्ससाठी रूफस किंवा व्हेंटॉय. कुणीतरी दिलेला "सगळं सॉफ्टवेअर आधीच टाकलेला" पेनड्राइव्ह वापरू नका, त्यात काय भरलंय ते देणाऱ्याला पण माहीत नसतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं नवीन टाकायचं तर ११. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मामांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा निघाला. नियम चुकवून ११ बसवायच्या युक्त्या आहेत, पण शिकणाऱ्या पोरीच्या मशीनवर मी त्या करणार नव्हतो, पुढं एखादा अपडेट अडला तर परीक्षेच्या तोंडावर ती कुणाकडं जाणार. लिनक्स मिंट टाकलं. इंजिनिअरिंगला प्रोग्रामिंग शिकायला त्यावर काही अडत नाही.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हर आणि, इंटेलचा अकराव्या पिढीपासूनचा लॅपटॉप असेल तर, इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर टाकून ठेवा. हा नसला की विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं पुसता पुसता ड्राइव्हच मेला. ड्रायव्हर उघडलेल्या फोल्डरच्या रूपात लागतो, आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, नुसती ईएक्सई चालत नाही.

५. नेमका कुठला ड्राइव्ह ते ओळखा

बाहेरची बॅकअपची डिस्क काढून ठेवा. नुसती केबल सोडवून नाही, दुसऱ्या खोलीत. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील आणि हार्ड डिस्क ठेवायची असेल तर मागचं झाकण उघडून ती पण काढा, दहा मिनिटं लागतात.

आकारावरून ओळखताना फसू नका. २५६ ची विंडोजला साधारण २३८ दिसते, ५१२ ची ४७६, एक टीबीची ९३१. जागा चोरीला गेली नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. लिनक्समध्ये नावं वेगळी असतात, साटा (जुन्या जोडणीचा) ड्राइव्ह असेल तर एसडीए, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा) असेल तर एनव्हीएमई-शून्य-एन-एक अशासारखं. पण पेनड्राइव्ह पण एसडीबी किंवा कधी कधी एसडीएच होतो, म्हणून नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर आणि साइज दोन्ही जुळवा.

६. आता पुसा

चार्जर लावा. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं बॅटरी पण पूर्ण भरलेली असू द्या. एसएसडीला काही सेकंद ते काही मिनिटंच लागतात, पण मधेच बंद पडलं तर ड्राइव्ह पासवर्डनं लॉक अवस्थेत राहू शकतो.

*बायोसमधून:* सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात पटलेला रस्ता. कामाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे ऑफिसमधून निघून सेकंडहँड बाजारात येतात ना तसल्या, ही सोय बहुतेक असतेच. डेलमध्ये मेंटेनन्सखाली डेटा वाइप, एचपीत सिक्युरिटीखाली सिक्युअर इरेज, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये थिंकशील्ड सिक्युअर वाइप. नाव थोडं इकडंतिकडं असेल, शोधा.

*कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून:* सॅमसंगचं मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, अशी असतात. ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालू आहे तोच ड्राइव्ह पुसता येत नाही, दुसऱ्या मशीनला लावावा लागतो किंवा ते सॉफ्टवेअर वेगळा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवून देतं.

*लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून:* मिंट किंवा उबुंटू इन्स्टॉल न करता "ट्राय" मध्ये चालू करा आणि टर्मिनल उघडा. एनव्हीएमई ड्राइव्हसाठी एनव्हीएमई-सीएलआय नावाचं पॅकेज लागतं, नसलं तर इंटरनेट जोडून टाकून घ्या. त्यातल्या फॉरमॅट कमांडला एसईएस नावाचा पर्याय असतो. १ दिलं की युजर डेटा पुसायला सांगितलं जातं, २ दिलं की क्रिप्टोग्राफिक इरेज होतं म्हणजे ड्राइव्हच्या आतली एन्क्रिप्शनची चावीच नष्ट होते, हे ड्राइव्हला जमत असेल तरच. काहीच दिलं नाही तर ० धरलं जातं, म्हणजे सुरक्षित पुसायला सांगितलंच नाही. कमांड चालते, काही चूक दाखवत नाही, आणि आपण समजतो झालं. ही चूक मी दोन जणांकडून बघितलीय.

साटा एसएसडीसाठी एचडीपार्म नावाची कमांड. आधी मोठ्या आय पर्यायानं माहिती बघा, खाली सिक्युरिटीच्या भागात "नॉट फ्रोझन" लिहिलेलं पाहिजे. नुसतं "फ्रोझन" असेल तर बायोसनं कमांड अडवून ठेवलीय. लॅपटॉप स्लीपला टाका, अर्ध्या मिनिटानं उठवा, परत बघा, बहुतेक वेळा सुटतं. मग आधी तात्पुरता पासवर्ड लावायचा आणि मग इरेज द्यायचं, पासवर्ड एका अक्षराचा ठेवा आणि कागदावर लिहा. मधे लाईट गेली आणि ड्राइव्ह लॉक झाला तर तोच पासवर्ड देऊन परत इरेज देता येतं, तो माहीत नसला तर ड्राइव्ह तुमच्या हातून जाऊ शकतो.

यूएसबी केसमध्ये घालून हे करायला जाऊ नका. मधला अडॅप्टर असल्या कमांड बऱ्याचदा पुढं जाऊच देत नाही.

*यातलं काहीच जमलं नाही तर:* अख्खा ड्राइव्ह बिटलॉकरनं एन्क्रिप्ट करा, फक्त वापरलेली जागा नाही, "संपूर्ण ड्राइव्ह" निवडून. होम एडिशन असेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. पूर्ण झालं की विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडा, लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग क्लीन. (इंग्रजीतच टाइप करायचं, इथं फक्त नावं सांगतोय.) क्लीन एकदाही विचारत नाही, एंटर दाबलं की पार्टिशन गेली, म्हणून आधी नंबर दोनदा वाचा. एन्क्रिप्ट करायच्या आधीचं काहीबाही राखीव जागेत राहू शकतं, त्यामुळं हा रस्ता पहिल्या तिघांपेक्षा कच्चा, पण नुसत्या फॉरमॅटपेक्षा कितीतरी बरा.

आणि डीबॅन (डिस्कवर वरून लिहून पुसणारं जुनं सॉफ्टवेअर), सात वेळा लिहा, पस्तीस वेळा लिहा हे सगळं जुन्या हार्ड डिस्कचं. एसएसडीवर त्यानं आयुष्य कमी होतं आणि खात्री पण मिळत नाही.

७. पुसलंय का ते तपासा

ही पायरी कुणीच करत नाही. लिनक्सच्याच पेनड्राइव्हवर फोटोरेक टाका, पुसलेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि त्या ड्राइव्हवर चालवा. एक पण फाइल सापडली तर पुसलं गेलेलं नाही, दुसऱ्या पद्धतीनं परत करा. मामांच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मी मुद्दाम नुसतं क्विक फॉरमॅट मारून फोटोरेक चालवलं, त्यांना दाखवायला. शेजारच्या काकूंचं आधार कार्ड स्क्रीनवर आलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पुढचं सगळं काम संपेपर्यंत उठले नाहीत. सिक्युअर इरेज केल्यावर परत चालवलं, शून्य फायली.

८. इन्स्टॉल

इथं फारसं काही नाही. विंडोज कुठं टाकायचं विचारलं की "अनअलोकेटेड स्पेस" निवडा आणि नेक्स्ट दाबा, पार्टिशन ते स्वतः करतं. ड्राइव्हच दिसला नाही तर "लोड ड्रायव्हर" मधून मगाचचं इंटेलचं फोल्डर दाखवा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं, वायफाय सापडत नसेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटमध्ये "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल" निवडताना खाली एन्क्रिप्शनचा पर्याय येतो, तो घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पुसायचं काम निम्मं झालेलं असतं.

९. चालू झाल्यावर

विंडोजमध्ये "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ" उघडा, तिथं सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलेलं आणि ऑप्टिमायझेशन चालू दिसलं पाहिजे. मग बॅकअपची डिस्क दुसऱ्या खोलीतून आणा, फायली परत टाका, आणि निदान महिनाभर ती डिस्क तशीच ठेवा, काहीतरी राहिलेलं आठवतंच.

बिटलॉकरची नवीन की प्रिंट करून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. मी आता प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून वरच्या कप्प्यात ठेवतो, पुराचं पाणी पोचणार नाही तिथं.

एसएसडी मेलेलीच असेल तर

चालूच होत नसेल तर वरचं काहीच करता येत नाही, आणि ती भंगारात द्यायची पण नाही, चिपमध्ये डेटा असतोच. लोहचुंबक फिरवून काही होत नाही, ते हार्ड डिस्कसाठी. पट्टीवरच्या काळ्या चौकोनी चिप असतात त्या प्रत्येक चिपचे पक्कडीनं किंवा हातोडीनं तुकडे करा, डोळ्यांना चष्मा लावून, मुलांना लांब ठेवून, आणि काही पट्ट्यांना मागच्या बाजूला पण चिप असतात त्या विसरू नका. उरलेलं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडं द्या. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्यायच्या आधी विचार करा की आतला डेटा त्या ड्राइव्हच्या किमतीपेक्षा मोठा आहे का. मामांच्या दुकानाची एक जुनी २४० जीबीची अशीच मेलेली होती, वॉरंटी शिल्लक होती तरी ती परत दिली नाही, अंगणात फरशीवर ठेवून आम्ही दोघांनी फोडली.